चार डिसेंबर आणि बर्फात राहिलेलं विमान

आज ४ डिसेंबर. सकाळपासून तुमच्या मोबाइलवर युद्धनौकांचे फोटो, तिरंगा आणि मागे दणदणीत म्युझिक लावलेली रील्स येऊन पडली असतील. नौदल दिन आहे. १९७१ साली याच तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला, बंगालच्या उपसागरात, विक्रांतच्या डेकवरून सी हॉक विमानं उडाली होती आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला होता, हे त्यामानाने कमी जणांना ठाऊक असतं.

आज मात्र सांगायची आहे ती याच तारखेची, पण त्याच्याही बरोबर २१ वर्षं आधीची गोष्ट. ती आपल्या नौदलाची नाही. ४ डिसेंबर १९५० रोजी उत्तर कोरियातल्या एका डोंगरात अमेरिकी नौदलाचा एक वैमानिक विमानासकट कोसळला. त्याचं नाव जेसी ब्राउन. वय २४. म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशन आटोपून पहिल्या नोकरीचे पहिले पगार मोजत असलेले आपले जे सीनिअर असतात ना, त्यांच्याएवढा. फरक इतकाच की तोवर त्याचं लग्न झालं होतं आणि जेमतेम दोन वर्षांची मुलगी होती.

जेसी मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गचा. वडील कष्टाची कामं करायचे, आई शाळेत शिकवायची. सहा भावंडं. घरात नळ नाही, सेंट्रल हीटिंगही नाही. पुढे कुटुंब दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायला गेलं आणि मुलं कापूस-मक्याच्या शेतात राबू लागली. सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला विमानांच्या कसरती दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात विमान घुसलं ते घुसलंच. आता मिसिसिपीतल्या काळ्या मुलानं १९३० च्या दशकात ‘मी पायलट होणार’ म्हणणं म्हणजे काय, हे समजून घ्या. बसमध्ये, हॉटेलात, शाळेत, सगळीकडे कायद्यानेच वेगळं बसवलेलं. लष्कराच्या हवाई दलात काळ्यांना घेतच नव्हते. पोरानं काय करावं? शाळकरी वयात, १९३७ साली, त्यानं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, की हे बरोबर नाही. व्हाइट हाउसकडून पोच आली, तुमचं म्हणणं कळलं अशा अर्थाची. सरकारी पत्रव्यवहार तिकडेही असाच चालतो!

बारावीनंतर तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. का? तर जेसी ओवेन्स तिथे शिकला होता म्हणून. आपणही कॉलेज निवडताना फार शास्त्रशुद्ध कारणं देत नाही, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. विषय घेतला आर्किटेक्चरल इंजिनीअरिंग. फी आणि राहण्याचा खर्च भागवायला दुपारी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत रेल्वेच्या मालडब्यांत माल चढवायचा. सकाळी पुन्हा लेक्चर. कमवा आणि शिका योजनेत काम करणाऱ्या कुणालाही यात काही नाट्यमय वाटणार नाही. त्यांना फक्त त्या थकव्याची ओळख पटेल. नौदलाला वैमानिक हवे होते. भरती करणाऱ्यांनी याला नको-नको म्हणून पाहिलं, पण हा पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिला. शेवटी आत शिरला. ऑक्टोबर १९४८ मध्ये त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. अमेरिकी नौदलाचं वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस ठरला आणि त्याचा फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

आता एक कबुली. आमच्यासारख्या पानांना ‘पहिला’ आणि ‘पहिली’ हे शब्द फार आवडतात. मथळा आयता मिळतो. पण या शब्दात एक लबाडी आहे. ‘पहिला’ म्हटलं की माणूस संपतो आणि पोस्टर सुरू होतं. त्याच फोटोच्या वेळी जेसी एक गोष्ट सगळ्यांपासून लपवून बसला होता. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत कॅडेटनी लग्न करायचं नाही असा नियम होता. लग्न केल्याचं कळलं तर घरी पाठवत. यानं १९४७ च्या ऑक्टोबरातच हॅटिसबर्गच्या डेझीशी गुपचूप लग्न केलं होतं. म्हणजे रोज विमान उडवायला शिकायचं, ‘तुझ्या लोकांना हे जमणार नाही’ असं तोंडावर किंवा नजरेनं सांगणाऱ्यांना गप्प राहून सामोरं जायचं, आणि वर हे गुपित सांभाळायचं. २१ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर किती ओझी! मला तरी त्या ऐतिहासिक फोटोपेक्षा हा घाबरलेला, प्रेमात पडलेला, नियम मोडणारा जेसी जास्त जवळचा वाटतो.

पुढे तो लेटे या विमानवाहू नौकेवर आला. त्या काळात अमेरिकी युद्धनौकांवरचे बहुतेक काळे खलाशी अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढायचं काम करत. त्याच नौकेवर एक काळा अधिकारी टेबलाशी बसून जेवत होता आणि जेवून झालं की फायटर विमान घेऊन उडत होता. त्याच्याच स्क्वाड्रनमध्ये टॉम हडनर होता. मॅसॅच्युसेट्सचा, किराणा व्यापारातल्या सुखवस्तू घरातला गोरा मुलगा. तो नौदलाच्या अकादमीतून १९४६ मध्ये बाहेर पडला, तोपर्यंत त्या अकादमीतून एकही काळा विद्यार्थी पदवीधर झालेला नव्हता. वयानं आणि हुद्द्यानं हडनर मोठा, पण विमान उडवण्याचा अनुभव ब्राउनचा जास्त. म्हणून आकाशात ब्राउन पुढे आणि हडनर त्याचा विंगमन, म्हणजे शेजारून उडत त्याची पाठ राखणारा. जमिनीवर, जेसीच्या गावात, हे दोघे एका हॉटेलात एका टेबलावर जेवू शकले नसते.

१९५० च्या नोव्हेंबरच्या अखेरीस चिनी फौजांनी उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाभोवती अमेरिकी मरीन आणि इतर सैनिकांना वेढलं. थंडी शून्याखाली पंचवीस-तीस अंश. बंदुका गोठत होत्या, जखमींना द्यायचं रक्त गोठत होतं. वेढ्यातून बाहेर पडणाऱ्या सैनिकांना वरून आधार द्यायचा, हे लेटेच्या वैमानिकांचं काम. (त्याच दिवसांत, कोरियातच, आपलीही माणसं होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स प्योंगयांगला पोचली आणि लगेच माघारीचा हुकूम आला. औषधं, सामान टाकून यायचं नाही म्हणून या पठ्ठ्यांनी एक वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि गाडी स्वतः चालवत सगळं बाहेर काढलं. यावर एक वेगळा लेख व्हायला हवा.)

४ डिसेंबरला दुपारी सहा कॉर्सेअर विमानं निघाली. डोंगरांवरून अगदी खालून उडत होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की जेसीच्या विमानातून धूर किंवा वाफेसारखी रेघ निघतेय. बहुधा खालून आलेल्या एखाद्या गोळीनं तेलाची नळी फोडली होती. इंजिन बंद पडायला लागलं. पॅराशूटनं उडी मारावी इतकी उंचीच नव्हती. डोंगरात एक खळग्यासारखी मोकळी जागा दिसली, तिथे त्यानं विमान बर्फावर आपटवलं. आदळताना पुढचा भाग मोडून बाजूला झाला आणि कॉकपिट वाकलं. वर घिरट्या घालणाऱ्या पाच जणांना वाटलं, संपलं. तेवढ्यात कॉकपिटचं छत सरकलं आणि जेसीनं हात हलवला.

पण तो बाहेर येईना. पाय वाकलेल्या पत्र्यात अडकला होता. आणि विमानाच्या नाकाडातून धूर येत होता.

इथे हडनरनं जे केलं ते कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं. वरून मदत मागवणं, शत्रू जवळ येऊ नये म्हणून पहारा देणं, इतकंच त्याचं काम. त्यानं काय केलं, तर स्वतःचं धडधाकट विमान चाकं न उघडता, पोटावर, त्याच उतारावर जाणूनबुजून आपटवलं. सरकारी विमान, तेही शत्रूच्या मुलखात. यासाठी कोर्ट मार्शल होऊ शकलं असतं. पाठीला मार लागला तरी तो बर्फातून धावत जेसीकडे गेला. जेसीची बोटं उघडी, गारठलेली. हडनरनं त्याला आपली लोकरी टोपी घातली, हात गुंडाळले. मग ओंजळीनं बर्फ उचलून धुरावर टाकायला सुरुवात केली. ओंजळीनं! रेडिओवरून निरोप दिला, हेलिकॉप्टर येईल त्यात कुऱ्हाड आणि आग विझवायचं साधन हवं.

मरीनचा चार्ल्स वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आला. दोघांनी पाऊण तास घाव घातले. कुऱ्हाड धातूवरून उडून परत येत होती. पाय कापून काढावा का, इथपर्यंत बोलणं गेलं. जेसी मधूनच शुद्ध हरपत होता. तो ओरडला नाही, आकांत केला नाही, असं हडनर पुढे आयुष्यभर सांगायचा. डेझीला सांग की माझं तिच्यावर प्रेम आहे, असा निरोप त्यानं दिला. अंधार पडायला लागला. ते हेलिकॉप्टर रात्री उडू शकत नव्हतं. थांबलं असतं तर तिघेही त्या रात्री गारठून गेले असते. आम्ही परत येतो, असं सांगून हडनर निघाला. जेसीनं ते ऐकलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

तीन दिवसांनी लेटेवरची विमानं पुन्हा तिथे गेली. मृतदेह आणायला माणसं पाठवणं म्हणजे आणखी काही जणांना मारणं, असं कॅप्टननं ठरवलं होतं. शत्रूच्या हाती विटंबना नको म्हणून सोबत्यांनी विमानावर नेपाम टाकलं आणि रेडिओवर प्रार्थना म्हटली. आपल्याच मित्राला असा अग्नी द्यायचा. पंचविशीच्या आतबाहेरची पोरं होती सगळी.

ही गोष्ट मित्रांना सांगितली की बहुतेक जण हमखास विचारतात, ‘मग उपयोग काय झाला?’ ब्राउन वाचला नाही. एकाऐवजी दोन विमानं गेली. हेलिकॉप्टरचा वैमानिक धोक्यात आला. हिशेबाच्या वहीत सगळं नावे, जमेच्या रकान्यात शून्य. हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण लष्करात तो गंभीर आहे. प्रत्येक विंगमन असं करू लागला तर युद्ध लढता येणार नाही. हडनरनं सगळ्यांसाठी नियम घालून दिला, असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. पण त्या पाऊण तासाकडे जेसीच्या बाजूनं पाहा. शून्याखालच्या थंडीत, पत्र्यात अडकून, चारी बाजूंनी शत्रू, आणि आपण एकटे. त्यातलं ‘एकटे’ एवढंच हडनरला खोडता आलं. बाकी काहीच नाही. डेझीपर्यंत तो निरोप पोचला, तोही त्यामुळेच.

एप्रिल १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हडनरच्या गळ्यात मेडल ऑफ ऑनर घातलं, तेव्हा डेझी समोर होती. त्या समारंभाचे फोटो आहेत. नवरा जाऊन चार महिने झालेली तरुण विधवा, आणि ज्याला वाचवायचं होतं तो वाचला नाही म्हणून मिळालेलं पदक घेणारा माणूस. त्या दिवशी दोघांना काय वाटलं असेल, ते आपण लिहू नये. त्यानंतर मात्र ते एकमेकांपासून तुटले नाहीत. नौकेवरच्या लोकांनी छोट्या पामेलाच्या शिक्षणासाठी वर्गणी काढली होती. हडनर आणि डेझी यांची ओळख पुढे सहा दशकं टिकली.

अधिकृत स्मरण म्हणाल तर तेही झालं. जेसीला मरणोत्तर पदकं मिळाली. १९७३ मध्ये त्याच्या नावाची युद्धनौका नौदलात आली. तेव्हा डेझी, पामेला आणि हडनर तिघेही हजर होते. हे वाचून बरं वाटतं. पण पुढचं ऐका. १९९४ मध्ये ती नौका सेवेतून काढली आणि इजिप्तला दिली. तिथे तिला इजिप्तच्या एका शहराचं नाव मिळालं. म्हणजे पोलादावर कोरलेलं नाव २१ वर्षं टिकलं. यात कुणाचा दोष नाही, नौका म्हाताऱ्या होतात. आपल्या विक्रांतचंच बघा ना. १९७१ गाजवलेली नौका २०१४ मध्ये मुंबईत तोडली गेली आणि तिच्या धातूचा काही भाग मोटरसायकलींमध्ये गेला. जाहिरात छान होती. त्यातल्या किती बाइकवाल्यांना सी हॉक ठाऊक होतं, हा भाग वेगळा.

पोलादावरचं नाव पुसलं गेल्यावरही एक माणूस मात्र आपला शब्द विसरला नव्हता. जुलै २०१३ मध्ये टॉम हडनर प्योंगयांगच्या विमानतळावर उतरला. वय ८८. पाठ वाकलेली. अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यातलं युद्ध कागदोपत्री आजही संपलेलं नाही, फक्त थांबलंय. अशा देशात जाऊन हा म्हातारा तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना सांगत होता, माझा मित्र तुमच्या डोंगरात आहे, त्याला शोधू द्या. त्यांनी ऐकून घेतलं. पण पावसानं रस्ते वाहून गेले होते. सप्टेंबरमध्ये या, म्हणाले. हडनरला परत जाता आलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला. जेसी ब्राउन अजून तिथेच आहे.

गेल्या काही वर्षांत यावर पुस्तक आलं, २०२२ मध्ये ‘डिव्होशन’ नावाचा सिनेमाही आला. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पाहा जरूर, हवाई दृश्यं झकास आहेत. पण सिनेमा दोन-सव्वादोन तासांचा असतो आणि हडनरचं आठवणं ६३ वर्षांचं होतं. त्यात भाषण कमी आणि कामं जास्त होती. निरोप पोचवणं, भेटत राहणं, समारंभाला जाऊन उभं राहणं, शेवटी म्हातारपणी व्हिसा काढून विमानात बसणं.

आणि आपलं? डिसेंबर १९७१ च्याच युद्धात, पश्चिमेकडे अरबी समुद्रावर, आपल्या नौदलाचं एक अलिझे विमान टेहळणीवर गेलं होतं. अलिझे म्हणजे पाणबुड्या शोधायचं, पंख्याचं, संथ विमान. पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटरनं ते पाडलं. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाऊ शकणारं जेट एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. आत तिघं होते. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन. तिघंही परतले नाहीत. त्यांच्यासाठी बर्फातला डोंगरही नाही, नकाशावर बोट ठेवता येईल अशी जागा नाही. आज सकाळपासून जितके स्टेटस मी पाहिले, त्यांत या तिघांची नावं एकदाही दिसली नाहीत. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलाही ती ठाऊक नव्हती. ‘विजयन’ यांचं पूर्ण नाव, त्यांचं गाव, घरी कोण होतं, हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की त्या तिघांत सगळ्यात कमी त्यांच्याविषयी लिहिलं गेलंय. अधिकाऱ्यांची नावं आद्याक्षरांसकट नोंदलेली असतात, खालच्या हुद्द्यावरच्या माणसाचं एकच नाव उरतं. हॅटिसबर्ग असो की आपल्याकडचं एखादं गाव, हे चित्र थोड्याफार फरकानं सारखंच. इतिहासाच्या किंवा पत्रकारितेच्या वर्गात प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही म्हणून कुरकुरणारे जे कोणी आहेत, त्यांनी इकडे पाहावं. त्या पिढीतले नौसैनिक अजून आहेत, ऐंशीच्या आसपास पोचलेले. त्यांच्याशी बोलायचं तर आता बोलायला हवं.

आणि एक सोपं काम. थर्टीफर्स्टला तुमच्यातले निम्मे गोव्याला निघाले असतील, तिकिटंही झाली असतील. दाबोळीच्या विमानतळापासून जवळच, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. बाहेर उघड्यावर जुनी विमानं उभी आहेत. सी हॉक आहे आणि एक अलिझेही आहे. त्याच्या कॉकपिटखाली उभं राहून वर पाहिलं की तीन माणसं आत कशी दाटीवाटीनं बसत असतील, याचा अंदाज येतो.